मातीच्या बांधकामात पेंढा, तूस, काथ्या आणि शेतातला काडीकचरा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मातीचे घर बांधू किंवा दुरुस्त करू पाहणारी मंडळी सल्ल्यासाठी येतात, तेव्हा बहुतेकांच्या हातात एक पिशवी असते. कोणाच्या पिशवीत भाताचे तूस असते, कोणाच्या पिशवीत नारळाचा काथ्या, तर कोणाच्या पिशवीत उसाचे चिपाड. "हे मातीत चालेल का?" हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. "माती आणली आहे का?" हा आमचा उलट प्रश्न, आणि ती क्वचितच आणलेली असते. पुढील उत्तरे वाचताना हा क्रम लक्षात ठेवावा: आधी माती पाहावी, मग तिच्या उणिवेप्रमाणे काडीकचरा निवडावा.

मातीत पेंढा घातल्याने भिंत अधिक मजबूत होते का?

होते, पण बहुतेकांना वाटते त्या अर्थाने नाही. छपराचा भार माती स्वतः पेलते. पेंढ्याचे प्रमाण वाढवत नेले तर हा भार पेलण्याची ताकद पुढे पुढे कमी होऊ लागते, कारण पेंढा जितकी जागा व्यापतो तितकी माती भिंतीतून वजा होते. पेंढ्याचे खरे काम गारा (पाण्यात कालवून तुडवलेली माती) वाळू लागला की सुरू होते. चिकणमातीच्या कणांमधले पाणी निघून गेले की कण एकमेकांजवळ सरकतात, माती आकसते आणि जिथे ताण सहन होत नाही तिथे तडकते. तंतू असतील तर तो ताण एका जागी न साचता सगळीकडे वाटला जातो, आणि बोट शिरेल अशा एका भेगेऐवजी केसासारख्या बारीक अनेक भेगा पडतात. त्या गिलाव्याखाली सहज झाकल्या जातात. शिवाय पोकळ काड्यांमधून आतला ओलावा बाहेर पडतो आणि वीट सर्व बाजूंनी सारखी वाळते.

फरक हातात घेऊन पाहायचा असेल तर दोन कच्च्या विटा कंबरेच्या उंचीवरून खाली टाकाव्यात. पेंढा नसलेली वीट ढेकळासारखी फुटून विखुरते. पेंढ्याची वीट तडकते, पण तिचे तुकडे काड्यांनी एकमेकांना धरून ठेवलेले असतात. हे धरून ठेवणे म्हणजेच पेंढ्याने मातीला दिलेला गुण, आणि विटा वाहून नेताना किंवा जमीन हादरताना तोच उपयोगी पडतो.

कोणती माती घ्यावी, आणि ती घरच्या घरी कशी तपासावी?

मराठी मुलखात गावाचे दोन भाग मानत आले आहेत: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. पिढ्यान्पिढ्या पडलेल्या भिंती, चुलीतली राख आणि शेण मिसळून तयार झालेली गावठाणाची पांढरी माती भिंतीला आणि माळवदाला (मातीच्या सपाट छपराला) उत्तम, हा मराठवाड्यातला जुना अनुभव आहे. ती कमी आकसते आणि पाणी पटकन आत घेत नाही. मात्र जुन्या टेकाडांची पांढरी खणताना विचार करावा. तेर, पैठण यांसारख्या गावांच्या पांढरीत सातवाहन काळाचे अवशेष आहेत, आणि चार ट्रॉली मातीसाठी त्यांच्यावर कुदळ चालवणे कोणत्याही घराच्या मोलाचे नाही.

तपासणीसाठी प्रयोगशाळेची गरज नाही. मातीच्या घरांच्या भूकंपसुरक्षेविषयीचे भारतीय मानक, आयएस १३८२७, यात सांगितलेली कसोटी कोणालाही करता येते. ओल्या मातीच्या सुमारे दोन सेंटिमीटर व्यासाच्या, म्हणजे साधारण बोराएवढ्या, पाच-सहा गोळ्या वळाव्यात, ४८ तास वाळू द्याव्यात आणि मग एकेक गोळी अंगठा व तर्जनी यांच्यामध्ये दाबावी. एकही गोळी फुटली नाही तर चिकणमाती पुरेशी आहे. भुगा झाला तर ती माती विटांच्या कामाची नाही. जी माती या कसोटीला चांगली उतरते तीच वाळताना जास्त आकसते, म्हणून तिला जाड वाळूची व तंतूंची साथ लागते. गोळीचा भुगा होणाऱ्या मातीला कितीही पेंढा घातला तरी उपयोग होत नाही, कारण पेंढ्याला धरून ठेवायला तिच्यात काहीच नसते.

आमच्याकडे काळी मातीच आहे. भरपूर पेंढा घातला तर चालेल का?

नाही. कपाशीच्या काळ्या मातीतली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात जमिनीला पाय अडकेल एवढ्या भेगा पाडते. हा जोर पेंढ्याला रोखता येत नाही. मुरूम किंवा जाड वाळू मोठ्या प्रमाणात मिसळून तिची भूक आधी मारावी लागते, आणि तेवढी वाहतूक करायचीच असेल तर दुसरी माती आणणे सहसा सोपे पडते. पायाखाली काळी माती असेल तर तिच्यावर थेट भिंत उचलू नये, हे वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्रात मिळणाऱ्या काडीकचऱ्यापैकी कोणता कशासाठी वापरावा?

आधी एक भेद समजून घ्यावा, कारण बहुतेक चुका तिथेच होतात. पेंढा, काथ्या, अंबाडीचा वाख, घायपाताचा दोर हे तंतू आहेत. ते लांब असतात आणि मातीला बांधतात. तूस, लाकडाचा भुसा, भुईमुगाची टरफले ही भर आहे. ती माती हलकी करते, आकसणे थोडे कमी करते, पण बांधत नाही. घमेलेभर तूस घालून "तंतू घातले" असे समजणारा गवंडी पुढे भेगा मोजत बसतो.

भाताचा पेंढा कोकणात, मावळात आणि पूर्व विदर्भात मुबलक आहे, आणि विटांसाठी त्याच्याइतकी सोयीची वस्तू नाही. भाताच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा तूस निघते. त्याच्या पृष्ठभागावर सिलिका भरपूर असल्याने ते सावकाश कुजते, म्हणून गिलाव्यात ते चांगले टिकते. काथ्यात लिग्निन (वनस्पतीला कणखरपणा देणारे द्रव्य) पुष्कळ असते आणि त्यामुळे ओलाव्यात तो इतर बहुतेक वनस्पती-तंतूंपेक्षा जास्त काळ टिकतो. भिंतीचा खालचा हात-दीड हात आणि पावसाच्या दिशेचा गिलावा यांसाठी तो राखून ठेवावा. खाऱ्या पाण्यात कुजवलेला काथ्या मात्र गोड्या पाण्यात धुऊनच घ्यावा, नाहीतर भिंतीवर मिठाचे पांढरे फुलोरे येतात. दख्खनी मेंढीची राठ लोकर वनस्पतीत मोडत नाही, पण तिला बाजारात फारशी किंमत नसल्याने तिचाही विचार व्हावा. हाताने पिंजून बारीक गिलाव्यात मिसळली तर भेगा रोखण्यात ती पेंढ्याला मागे टाकते.

पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे) आणि तुरकाठ्या यांची जागा गाऱ्यात नसून कुडात, म्हणजे काठ्या विणून केलेल्या भिंतीत, आहे. उभ्या मेढींमध्ये त्या विणायच्या आणि दोन्ही बाजूंनी चिखल लिंपायचा, ही विदर्भ-मराठवाड्यातली जुनी रीत आहे. मात्र पऱ्हाटीबाबत एक इशारा द्यावासा वाटतो. गुलाबी बोंडअळी पऱ्हाटीतल्या किडक्या बोंडांत तग धरून राहते, म्हणून कृषी खाते हंगाम संपताच पऱ्हाटी शेतातून काढून नष्ट करायला सांगते. कुडासाठी ती वर्षभर रचून ठेवणे म्हणजे शेजाऱ्याच्या कपाशीवर संकट ओढवून आणणे होय. बोंडे झाडून जाळावीत आणि काठ्या लगेच लिंपून टाकाव्यात.

उसाच्या चिपाडाला टाकाऊ म्हणणे आता बरोबर नाही. गाळलेल्या उसाच्या वजनाच्या साधारण ३० टक्के चिपाड निघते आणि कारखाने ते बॉयलरमध्ये जाळून वाफ व वीज करतात. गुऱ्हाळावरचे चिपाड मिळाले तरी त्यात साखर उरलेली असते; न धुता वापरले तर मुंग्यांना आमंत्रण मिळते. त्यापेक्षा शेतात पेटवून दिले जाणारे पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पाने, घ्यावे. ते धारदार व हलके असते, कुट्टी करून पेंढ्याच्या जागी चालते, आणि पेटवण्यापेक्षा त्याचे हे काम केव्हाही चांगले.

कडब्याविषयी आमचे मत स्पष्ट आहे. ज्या तालुक्यात उन्हाळ्यात चारा छावण्या उघडाव्या लागतात, तिथे जनावराच्या तोंडचा कडबा काढून भिंतीत घालू नये.

गाजरगवत वापरता येईल का?

वापरू नये. त्याने त्वचेला खाज व पुरळ येते, आणि गारा पायांनी तुडवायचा असतो.

प्रमाण किती ठेवावे आणि तंतू किती लांब कापावेत?

कच्च्या विटांसाठी एक घनमीटर मातीला २० ते ३० किलो कोरडा पेंढा हे सर्वसाधारण प्रमाण आहे. घमेल्याच्या हिशेबात सांगायचे तर तीन घमेली मातीला एक घमेले सुटा, न दाबलेला कुट्टी पेंढा. वजनात हे प्रमाण दीड टक्क्याच्या आसपास येते, आणि कागदावर ते फारच थोडे वाटते. प्रत्यक्षात मात्र ढीग पाहून लोक घाबरतात. विटेसाठी काड्या चार बोटांपासून एका वितीपर्यंत असाव्यात. गिलाव्याच्या पहिल्या थराला त्याच्या निम्म्या आणि शेवटच्या बारीक थराला नखाएवढ्या पुरतात.

या आकड्यांवर डोळे झाकून विसंबू नये. दोन फूट लांब आणि दीड इंच रुंद-उंच अशी लाकडी खोबण करून घ्यावी, तिला आतून तेल लावावे, गारा ठासून भरावा आणि सावलीत आठवडाभर वाळू द्यावा. नंतर सगळे तुकडे एका टोकाला सरकवले की माती किती आकसली हे रिकाम्या जागेवरून पट्टीने मोजता येते. एक खोबण बिनपेंढ्याची, दुसरी थोड्या पेंढ्याची आणि तिसरी दुप्पट पेंढ्याची भरली, तर आपल्या मातीचे प्रमाण आपल्याला तीच सांगते.

गारा भिजत का ठेवायचा? लगेच वापरला तर काय बिघडते?

चिकणमातीची ढेकळे आतपर्यंत भिजायला वेळ लागतो, हे पहिले कारण आहे. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. ओल्या गाऱ्यात पेंढा आंबू लागतो, सूक्ष्मजीव त्याला विघटित करतात आणि त्यातून चिकट द्रव्ये सुटून मातीत मिसळतात. आंबलेला गारा थापीला लोण्यासारखा चालतो आणि वाळल्यावर पाण्याला अधिक दाद देत नाही. जपानमध्ये पारंपरिक भिंतींची माती भाताच्या पेंढ्यासह महिनोन्‌महिने मुरवतात, आणि माली देशातल्या जेने येथील प्रसिद्ध मशिदीचा वार्षिक गिलावा तूस घालून कुजवलेल्या मातीचाच असतो. आपल्याकडे आठ ते पंधरा दिवस पुरतात. रोज थोडे पाणी मारावे आणि दिवसाआड तुडवावे. वास येतो, आणि शेजारी तक्रार करतात. वास आंबट असेपर्यंत चिंता नाही. काड्या बोटांनी ओढल्यावर लगद्यासारख्या तुटू लागल्या तर मात्र उशीर झाला. तेव्हा नवा पेंढा मिसळावा.

घाई केल्याचा आमचाच एक अनुभव सांगण्याजोगा आहे. नीट न झोडपलेला पेंढा आम्ही एका पडवीच्या गिलाव्यात त्याच दिवशी वापरला. श्रावणातली हवा, भिंत वाळेना, आणि आठव्या दिवशी सबंध भिंतीवर भाताचे हिरवे कोंब उगवले. मुले खूश झाली. कोंब आपोआप सुकले, पण राहिलेल्या दाण्यांसाठी उंदरांनी पुढच्या महिन्यात तो गिलावा जागोजाग उकरला आणि आम्हाला तो पुन्हा करून द्यावा लागला. तेव्हापासून पेंढा घेताना आम्ही तो आधी गोणपाटावर झटकून पाहतो.

शेणाचे काम नेमके काय?

शेणात जनावराच्या पोटातून गेलेले, आयते बारीक झालेले तंतू असतात आणि त्यांच्यासोबत चिकट द्रव्येही असतात, त्यामुळे पातळ थराला त्याच्याइतके योग्य मिश्रण हाताने करणे कठीण आहे. सारवलेली जमीन धूळ धरत नाही आणि तडकत नाही ती यामुळे. मात्र सारवण हा झिजण्यासाठीच दिलेला थर आहे, तो वारंवार द्यावा लागतो, आणि ज्यांना हे करायचे नाही त्यांनी बाहेरच्या भिंतीसाठी चुन्याचा विचार करावा. शेण ताजे घ्यावे. वाळलेल्या गोवऱ्या भिजवून तसा परिणाम मिळत नाही.

वनस्पतीचे तंतू भिंतीत कुजत नाहीत का? वाळवी लागत नाही का?

कोरड्या भिंतीत कुजत नाहीत. चिकणमाती ओलावा स्वतःकडे ओढून घेते आणि आतल्या काडीला कोरडे ठेवते. बुरशीला वाढायला लागतो तितका ओलावा त्या काडीपर्यंत पोचतच नाही. जुनी भिंत पाडताना आत पिवळीधमक काडी सापडते ती यामुळेच.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्या शेजारीच आहे. अजिंठ्याची चित्रे थेट खडकावर काढलेली नाहीत. खडकावर आधी मातीचा गिलावा दिला आहे, आणि त्या मातीत भाताचे तूस, गवताचे व वनस्पतींचे तंतू मिसळलेले आहेत. पाचव्या शतकातले ते तूस आजही गिलाव्याच्या तुटक्या कडेला नुसत्या डोळ्यांनी दिसते. वेरूळच्या मातीच्या गिलाव्यात तर गांजाच्या जातीच्या झाडाचे, म्हणजे भांगेचे, तंतू असल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दाखवण्यात आले. अजिंठ्याच्या गिलाव्यातले सेंद्रिय द्रव्य किड्यांनी बऱ्याच ठिकाणी खाल्ले आहे आणि वेरूळला तसा उपद्रव दिसत नाही. भांगेमुळे किडे दूर राहिले असावेत, असा संशोधकांचा तर्क आहे. दोन लेण्यांमधले अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास असावे आणि गिलाव्याच्या पाककृतीतल्या एका फरकाने इतका फरक पडावा, ही गोष्ट गवंड्याने लक्षात ठेवण्यासारखी आहे. आज भांग वापरायची तर कायद्याची परवानगी लागते. अंबाडी आणि बोरूचा ताग हे तंतू मात्र उघड बाजारात मिळतात.

वाळवी जमिनीतून येते, तंतूंच्या वासाने नाही. दगडी किंवा जांभ्याचे जोते किमान दीड-दोन फूट उंच ठेवले तर तिचे मातीचे बोगदे जोत्यावर स्पष्ट दिसतात आणि वेळीच झाडता येतात. कुडाच्या काठ्या थेट जमिनीत रोवल्या, तर मात्र ती कोणाचेच ऐकत नाही.

कारवीचा कूड आज करता येतो का?

येतो. सह्याद्रीतली कारवी साधारण आठ वर्षांनी एकदाच फुलते आणि फुलून झाली की वाळते. ठाकर, कातकरी, वारली मंडळी तिच्या काठ्यांच्या भिंती करतात आणि वर माती-शेणाचे लिंपण देतात. वारली चित्रे मुळात अशाच भिंतींवरची आहेत. वनक्षेत्रातून काठ्या आणण्यासाठी वनखात्याचे नियम लागू होतात, ते आधी विचारावेत.

मिश्रणात थोडे सिमेंट घालावे, असे गवंडी सांगतो. ऐकावे का?

पेंढ्याच्या गाऱ्यात तरी ऐकू नये. वनस्पतीतली शर्करा सिमेंटचे आवळणे लांबवते, सिमेंटचा क्षार काडीला आतून खातो, आणि सिमेंट मिसळलेली माती पुन्हा भिजवून वापरता येत नाही. यंत्रात दाबून केलेल्या सिमेंटमिश्रित मातीच्या विटांची गोष्ट वेगळी आहे. पुद्दुचेरीजवळच्या ऑरोव्हिलसारख्या ठिकाणी त्या सुमारे पाच टक्के सिमेंटने करतात आणि त्या उत्तम टिकतात, पण त्यांत तंतूंची गरज नसते. दाब काढताच तंतू स्प्रिंगसारखे उसळतात आणि विटेला आडव्या चिरा पडतात. म्हणून पेंढा हवा असेल तर हाताने थापलेली वीट घ्यावी, आणि दाबलेली वीट हवी असेल तर पेंढा विसरावा.

तुसाच्या राखेचा उपयोग होतो का?

होतो, पण चुन्यासोबत. १०० किलो भातापासून सुमारे २० किलो तूस आणि ते जाळल्यावर जेमतेम ४ किलो राख मिळते. ही राख जवळजवळ सगळी सिलिकाच असते. तूस मंद आचेवर, साधारण ७०० अंश सेल्सिअसच्या खाली, जळले तर राख चुन्याशी संयोग पावून पाण्याला टिकणारा लेप देते. भट्टीत कडक भाजली गेली तर ती निष्क्रिय होते. राख चाळताना नाकातोंडावर फडके बांधणे आवश्यक आहे, कारण सिलिकाची बारीक धूळ फुप्फुसाला अपाय करते.

कोकणातल्या पावसात हे टिकेल का?

लांब वळचण, उंच जोते आणि झडीच्या बाजूला पडवी असेल तर टिकते. यांपैकी काही नसेल तर कोणताही तंतू भिंतीला वाचवू शकत नाही. कामाचा हंगाम दिवाळी ते होळी हाच धरावा.

मातीची घरे भूकंपात पडतात. पेंढ्याने धोका कमी होतो का?

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात हजारो माणसे घरांखाली गाडली गेली, आणि तेव्हापासून मराठवाड्यात "मातीचे घर" हा शब्द भीतीने उच्चारला जातो. ही भीती समजण्यासारखी आहे, पण त्या घरांची रचना नीट पाहायला हवी. भिंती ओबडधोबड दगडांच्या होत्या, मातीत रचलेल्या होत्या, आणि दोन्ही बाजूंच्या दगडांना सांधणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हते. वर माळवदाचा फूट-दोन फूट जाडीचा मातीचा थर होता, आणि गळती थांबवण्यासाठी त्यात वर्षानुवर्षे भर पडत गेली होती. जमीन हादरताच भिंत मधून उलगडली आणि तो सगळा भार खाली आला. जिथे हा भार लाकडी खणांनी (खांब-तुळयांच्या सांगाड्याने) पेलला होता, तिथे काही घरांत भिंती पडूनही छप्पर उभे राहिले.

पेंढ्याच्या विटांमुळे भिंत एकदम न विखुरता हळूहळू तुटते, इतकाच फायदा होतो. तेवढ्यावर जीव सोपवू नये. आयएस १३८२७ हे मानकही १९९३ सालचेच आहे. भिंतीची उंची तिच्या जाडीच्या आठपटींहून अधिक नसावी, दारे-खिडक्यांची रुंदी १.२ मीटरच्या आत असावी, भिंतींवरून सलग बांधणारा पट्टा फिरवावा, असे त्यात सांगितले आहे. या गोष्टी आधी कराव्यात आणि छप्पर हलके ठेवावे.

पेंढ्याने घर थंड राहते का? आग लागण्याचा धोका वाढतो का?

भरीव मातीची भिंत उष्णता थोपवत नाही, ती साठवते आणि उशिरा आत सोडते. तिच्यात तंतू वाढवून ती हलकी केली की ती थोपवू लागते. घनमीटरला १८०० किलो भरणारी भिंत ६०० किलोपर्यंत हलकी केली तर तिच्यातून उष्णता साधारण पाचवा हिस्साच वाहते, पण अशी भिंत छपराचा भार पेलू शकत नाही. ती लाकडी किंवा काँक्रीटच्या सांगाड्यातच भरावी. पश्चिमेच्या भिंतीला आणि पत्र्याखालच्या छताला हा उपाय चांगला. आगीबाबत म्हणाल तर मातीत पूर्ण माखलेली काडी धुमसते, पेटत नाही. खरा धोका बांधकामाच्या दिवसांत आवारात पडलेल्या कोरड्या पेंढ्याच्या गंजीला असतो, आणि तिच्या शेजारीच कोणीतरी बिडी ओढत बसलेला असतो.

जुनी भिंत पाडली. ती माती पुन्हा वापरता येईल का?

अवश्य येईल, आणि ती नव्या मातीपेक्षा सरस निघते. ढेकळे फोडून भिजत घालावीत, चुन्याचा व सिमेंटचा गिलावा असेल तर तो आधी खरवडून बाजूला काढावा, आणि जोत्यालगतच्या हातभर मातीत मीठ चढलेले असल्याने तेवढी माती शेताच्या बांधावर टाकावी. जुन्या काड्यांपैकी पुष्कळशा अजून धडधाकट असतात, पण त्या ठिसूळ झालेल्या असल्यामुळे नव्या पेंढ्याचे प्रमाण नेहमीच्या निम्म्याखाली आणू नये. मग पंधरा दिवस मुरवून पुन्हा तुडवायला घ्यावे.